साखरेच्या पाण्यातला खडू

खडू साखरेच्या पाण्यात भिजवला की फळ्यावर रंग उठून दिसतो आणि वाळल्यावर पुसता पुसला जात नाही. ही विद्या डी.एड.ला कुणी शिकवत नाही, एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे येते. पंधरा ऑगस्ट आला, सव्वीस जानेवारी आली, कुणी मोठे साहेब यायचे असले, की डब्यात खडू भिजत घालायचे आणि ओल्यानंच तिरंगा, मोर, काय काढायचं ते काढायचं. मग वारा सुटो, पोरं हात लावोत, आठवडाभर रंग हलत नाही. रोजच्या लिहिण्याला मात्र हा खडू घ्यायचा नसतो. माझ्या हातून तो घेतला गेला, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

मी मुखेडकडच्या एका गावात सरकारी शाळेवर शिक्षिका आहे. मुखेडला एक खोली भाड्यानं घेतलीय, तिथून रोज गावाला बसनं जाते. नवरा लातूरच्या कोर्टात लिपिक, मुलगी सहावीला, तीही लातूरला आजीजवळ. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी बस पकडायची आणि रविवारी संध्याकाळी परत फिरायचं. पोरीचे दात पडले, नवे आले, तिला चष्मा लागला, हे सगळं मला फोनवर कळलं. नवरा-बायकोला एका जिल्ह्यात आणायची सरकारची सोय आहे, तिच्यासाठी आम्ही कैक वर्षं अर्ज करत राहिलो होतो. त्या वर्षी माझं नाव लागलं. आता फक्त शाळेतून सोडल्याचा आदेश निघायचा होता. मुलीनं त्याच दिवशी तिच्या कपाटातला मधला कप्पा रिकामा केला आणि मला फोन करून सांगितलं, की आता तुझ्या साड्या बॅगेत राहणार नाहीत.

शाळेचं सांगायचं तर तीन खोल्या, एक व्हरांडा, आणि तिसरी-चौथीच्या खोलीचं छत. ते छत माझ्या डोक्यात एवढं बसलं होतं, की मी शिकवताना अर्धं लक्ष वर ठेवायचे. पहिल्यांदा नुसती पापुद्र्यासारखी माती गळायची. पोरं वह्या झटकायची आणि हसायची. मग सळ्या दिसायला लागल्या, गंजून फुगलेल्या. मी बाकं भिंतीकडे सरकवली, मधली जागा रिकामी ठेवली. वरती चार वेळा कळवलं. एक इंजिनिअर आले, त्यांनी दारातूनच मान वर केली आणि दुरुस्तीला ठेवू म्हणाले. आत यायची त्यांची काही हिंमत झाली नाही. पोरांनी मात्र रोज आत बसायचं.

स्वातंत्र्यदिन नुकताच झाला होता. दुपारी पोरं खिचडी खायला व्हरांड्यात बसलेली, आणि आतून पोतं आपटल्यासारखा आवाज आला. मी धावले. छताचा परातीएवढा तुकडा खिडकीजवळच्या बाकावर पडला होता. बाकाची फळी मधोमध मोडली होती. दप्तर तसंच खाली, त्यावर सिमेंट. त्या बाकावर दोघी बहिणी बसतात. त्या बाहेर ताटात लिंबू पिळून घेत होत्या. मी तिथंच चौकटीला धरून उभी राहिले.

आमचे मुख्याध्यापक भला माणूस. निवृत्तीला आलेले, कुणाच्या अध्यात न मध्यात. त्यांनी आधी पोरं मोजली, सगळी आहेत म्हटल्यावर डोळे मिटून हात जोडले. मग स्वतः खराटा घेतला आणि ढिगारा लोटायला लागले. मी म्हटलं, सर, राहू द्या, आधी फोटो तर काढू, वर पाठवू. ते म्हणाले, पाठवतो मी, तुम्ही यात पडू नका, तुमची ऑर्डर यायचीय. सुट्टी संपली तेव्हा खोली झाडून स्वच्छ होती. मोडकं बाक मागे नेऊन टाकलं होतं. आणि पोरं परत त्याच खोलीत. दुसऱ्या दोन खोल्यांत जागा नाही, व्हरांड्यात पाऊस येतो, मग बसवायची कुठं, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. पण मला त्या दुपारी भाषेचा धडा शिकवता आला नाही.

आमच्या शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून, वार्ताफलक आहे. रंगवलेला काळा चौकोन, वर शाळेचं नाव. रोज सकाळी त्यावर एक सुविचार आणि तीन बातम्या लिहायच्या, हे माझं काम. पहिली बातमी देशाची, दुसरी जिल्ह्याची, तिसरी आपल्या गावची. तिसरी पोरं आणतात. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या दारी बोअरला पाणी लागलं, कोण किनवटच्या वसतिगृहातून सुट्टीला आलं. समोर बस थांबते आणि तिथंच चाचांचं हॉटेल आहे. चाचांची नात माझ्याच वर्गात. चष्मा कपाळावरून खाली ओढून ते रोज फलक मोठ्यानं वाचतात, चहा पिणाऱ्यांना ऐकवतात. एखाद दिवशी मला उशीर झाला तर विचारतात, म्याडम, आज खबर न्हाई का?

दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठाच्या आधी मी फलकापाशी गेले. सुविचार लिहिला. देशाची बातमी लिहिली, जिल्ह्याची लिहिली. तिसरीला हात थांबला. पोरं भोवती उभी होती. मी विचारलं, आज गावची बातमी कोणती? तर त्या दोघी बहिणींतली धाकटी म्हणाली, "बाई, आमचं बाक मोडलं की."

खरंच तर होतं. गावात त्या दिवशी याहून मोठी बातमी दुसरी कोणती होती? मी डब्यातून नवा खडू घेतला आणि लिहिलं: काल दुपारी आपल्या शाळेत तिसरी-चौथीच्या खोलीच्या छताचा तुकडा बाकावर पडला. मुले जेवायला बाहेर होती म्हणून वाचली. खोली अजून वापरात आहे.

पावसाळ्यात सगळेच खडू दमट लागतात, त्यामुळे तो झेंडावंदनाच्या डब्यातला आहे हे मला कळलंच नाही. कळलं असतं तरी बातमी हीच लिहिली असती, एवढं मी आजही सांगते.

नेमका मुखेडचा बाजार. बस येऊन थांबली ती गच्च भरलेली, खिडकी-खिडकीत माणसं. चाचांनी नेहमीसारखा चष्मा खाली ओढला आणि वाचायला लागले. तिसऱ्या बातमीला त्यांचा आवाज बसला. मग त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली, बसमधल्यांना ऐकू जाईल अशी. ड्रायव्हरनं गाडी चालू करून परत बंद केली. बायका उतरून बघायला आल्या. कुणी फोन काढला नाही, कुणी भाषण केलं नाही. बस आपली निघून गेली बाजाराला, आणि भाजीच्या पिशवीबरोबर ती बातमीही गेली.

दुपारपर्यंत वरून फोन आला. मुख्याध्यापक फोनवर उभेच राहून बोलत होते, हो साहेब, पुसतो साहेब, आत्ताच्या आत्ता साहेब. मग डस्टर घेऊन धावले. मी व्हरांड्यातून बघत होते. डस्टर फिरवलं, काही नाही. जोर लावला, काही नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी भिंतीवर अक्षरं खोदलीत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हात कोणत्या डब्यात गेला होता. अगं बाई, म्हटलं, हे काय होऊन बसलं.

मग बादली आणली, ओलं फडकं फिरवलं. अक्षरं गेली. फलक काळाभोर झाला आणि सरांना फुटलेला घाम थोडा सुकला. तेवढ्यात तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातल्या साहेबांची जीप आली. साहेबांनी उतरून फलक पाहिला, समाधानानं मान हलवली आणि आत गेले. ऑफिसात मला बोलावलं. शाळेची बेअब्रू रस्त्यावर मांडायची असते का, असं विचारलं. वर्तणूक नियम माहीत आहेत का, वाहिन्यांशी आणि वर्तमानपत्रांशी परवानगीशिवाय बोलता येत नाही, हे माहीत आहे का. मी म्हटलं, मी कुणाशीच बोलले नाही साहेब, फलकावर बातमी लिहिणं हे माझं नेमून दिलेलं काम आहे. साहेब म्हणाले, बातमी म्हणजे चांगली बातमी. चहा झाला. त्यांचा राग बराच उतरला होता. जाऊ द्या, परत असं करू नका, म्हणून ते उठले. सरांनी माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. मीही सोडला. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी लातूर दिसत होतं.

बाहेर आलो तर ऊन पडलेलं. फलक वाळला होता. आणि साखरेच्या पाण्यातली ती पांढरी अक्षरं, जरा फिकी, पण काना-मात्रेसकट, पुन्हा वर आली होती. खोली अजून वापरात आहे. समोर हॉटेलात माणसं उभी राहून बघत होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

साहेबांनी बोट लावून बघितलं. ऑईलपेंटनं लिहिलंय हे, म्हणाले. मुद्दाम. ठरवून. मी साखरेचं सांगायला गेले तर त्यांना वाटलं मी त्यांची थट्टा करतेय. सर काकुळतीला येऊन म्हणत होते, साहेब, खडूच आहे, बाई सणाला भिजवतात. जीप धूळ उडवत गेली. सर माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत बाई.

आठवड्यात कारणे दाखवा नोटीस आली. शासकीय मालमत्तेवर न पुसता येणारा मजकूर लिहून शासनाची बदनामी, अशी भाषा. चौकशी लागली की सोडल्याचा आदेश निघत नाही, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. म्हणजे माझी बदली कुणी रद्द करणार नव्हतं. तिला नुसतं लटकवून ठेवणार होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ओरडलात तर पुन्हा शिस्तभंग.

यातून सुटायची वाटही वरूनच लगेच सांगितली गेली. एक ओळ लिहून द्यायची: वर्गखोलीची स्थिती चांगली आहे, मी गैरसमजातून चुकीची माहिती लिहिली. बस्स. प्रकरण बंद, आदेश हातात. सर तर पुढं गेले. म्हणाले, पोरांनी लिहिलं म्हणा, चौथीची पोरं हौसेनं लिहितात, पोरांना कोण काय करतंय? त्यांनी हे माझ्यावरच्या मायेनं सांगितलं, मला माहीत आहे. पण मी त्यांच्याशी ताड्‌ताड्‌ बोलले. म्हटलं, सर, छतही पोरांच्याच डोक्यावर आणि आळही पोरांच्याच डोक्यावर, आपण दोघं मग पगार कशाचा घेतो? ते खुर्चीवर बसून चष्मा पुसत राहिले. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

नवऱ्यानं फोनवर शांतपणे ऐकून घेतलं. लिहून दे, म्हणाला. त्या एका ओळीनं छत खालीही येणार नाही आणि वरही जाणार नाही. तू इकडे ये, मग तुझ्या जागी येईल ती बाई बघेल. तो काही भित्रा माणूस नाही. सात वर्षं पोरीच्या वेण्या घातल्यात त्यानं. मी म्हटलं, लिहून देते. आणि मला लिहून द्यायचंच होतं. नांदेडला चौकशीला निघाले तेव्हा मी ती ओळ पाठ करून निघाले होते.

नांदेडला कार्यालयात बाकावर बराच वेळ बसवून ठेवलं. बाजूला एक गुरुजी होते माहूरकडचे, ते कशासाठी आले होते त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या तिथं एकमेकांशी बोलायचीही भीती वाटते. आत एक बाईसाहेब होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. त्या उर्मट नव्हत्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मुद्दाम लिहिलंत का, असं विचारलं. मी म्हटलं, लिहिलं मुद्दाम, खडू चुकून घेतला. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. म्हणाल्या, मॅडम, आपल्या घरातल्या गोष्टी घरात ठेवायच्या असतात. घरातलं छत पोराबाळांवर पडायला लागलं तर माणूस शेजाऱ्यालाच हाक मारतो, हे मला परतीच्या बसमध्ये सुचलं, आणि काय उपयोग.

त्यांनी कोरा कागद पुढं केला. पेन दिलं. मी पाठ केलेली ओळ लिहायला घेतली. वर्गखोलीची स्थिती, एवढं लिहिलं.

आणि मला माझी पोर दिसली. लातूरला तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. मी त्या शाळेत दोनदाच गेलेय. तिथलं छत कसं आहे, जिन्याचा कठडा हलतो का, खाली वायरी लोंबतात का, मला ठाऊक नाही. मी शंभर किलोमीटरवर दुसऱ्याची पोरं सांभाळते आणि माझी पोर तिथल्या कुठल्यातरी बाईच्या भरवशावर. त्या बाईपुढे उद्या असाच कागद आला तर? तिचीही बदली अडली असेल, तिचीही कुणी कुठंतरी वाट बघत असेल. तिनं लिहावं का स्थिती चांगली आहे म्हणून? मला त्या न पाहिलेल्या बाईचा असा राग आला, की मी पेन घट्ट धरलं.

वाक्य मी पुरं केलं. वर्गखोलीची स्थिती धोकादायक आहे. फलकावरची बातमी खरी आहे. खाली सही केली.

बाईसाहेबांनी वाचलं. बराच वेळ वाचत राहिल्या, तेवढ्याशा दोन ओळी. मग म्हणाल्या, "तुमची ऑर्डर अडकेल, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय," मी म्हटलं.

त्यांनी कागद फाइलीत ठेवला. त्यांनी मला धमकावलं नाही आणि शाबासकीही दिली नाही. जाताना सांगितलं, की मुखेडची बस फलाट बदलून लागते, विचारून चढा.

त्याच आठवड्यात तिसरी-चौथीच्या खोलीला कुलूप लागलं. धोका आहे म्हणून नव्हे हं. जुनं फर्निचर ठेवायला खोली हवी होती, असं दाराला चिकटवलेल्या कागदावर आहे. माझी पोरं आता पहिली-दुसरीत दाटीवाटीनं बसतात. शिकवताना घसा फाटतो, कुणाचं काय चाललंय कळत नाही, पण मी वर बघणं सोडलंय. वार्ताफलकाला नवा काळा रंग मारला, आणि ते काम माझ्याकडून काढून घेतलं. आता सर रोज एक सुविचार लिहितात, बातम्या बंद. चाचा चष्मा खाली ओढतात, वाचतात आणि परत वर सरकवतात. परवा मला म्हणाले, बोर्ड लई चकाचक केला म्याडम, वाचायला काय न्हाई. पण त्यांनी चहाच्या ग्लासाखाली बशी दिली, आणि ती ते पाहुण्यालाच देतात.

चौकशीनंतरच्या शनिवारी लातूरला पोचले. नवऱ्याला फोनवर आधीच सांगितलं होतं. तो दाराशी आला, हातातली बॅग घेतली आणि चहा टाकायला गेला. सासूबाई म्हणाल्या, हिचं तोंड पहिल्यापासून असंच, आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. राहिली पोरगी. ती अभ्यासाला बसली होती. मी तिच्या पलंगावर टेकले आणि सांगायला लागले, छत, फलक, साखरेचं पाणी, सगळं. अक्षरं पुन्हा उमटली तिथं ती खुदकन हसली. मग तिनं विचारलं, "म्हणजे तू येणार नाहीस?"

मी म्हटलं, येणार, पण कधी ते सांगता येत नाही.

ती उठली. कपाट उघडलं. मधला कप्पा तसाच रिकामा होता, खाली नवा कागद अंथरलेला. खुर्चीवर तिच्या धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, तो तिनं उचलला आणि एकेक घडी करून त्या कप्प्यात ठेवायला लागली. गणवेश, पायमोजे, स्वेटर. रागानं नाही, आदळआपट नाही. मी बघत बसले. माझ्यानं राहवलं नाही, मी म्हटलं, अगं, थोडी तरी जागा ठेव मला.

तिनं मागं वळून बघितलं नाही. "तू आलीस की काढते," म्हणाली, आणि कपाटाचं दार लावून घेतलं.